पाणलोटाची रेघ गावाला दुरुस्त करता यावी

कटनीहून जबलपूर आणि शिवनीमार्गे नागपूरला येणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ तीन मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांतून जातो. कटनीच्या शिवारात पडलेला पाऊस कटनी नदीतून छोट्या महानदीत, तिथून शोण नदीत आणि अखेर गंगेत जातो. जबलपूरचं पाणी नर्मदेला मिळतं आणि भडोचच्या पुढे अरबी समुद्र गाठतं. शिवनी आली की उतार पुन्हा फिरतो. तिथलं पाणी वैनगंगेचं. ते बालाघाट, भंडारा, गडचिरोली करत प्राणहितेतून गोदावरीत शिरतं. वाटेत जिल्हे बदलतात, टोलनाके लागतात, राज्याची हद्द येते आणि या सगळ्यांची जाणीव प्रवाशाला होते. पावसाच्या पाण्यानं दिशा बदलली, हे मात्र त्याला सहसा कळतही नाही.

पाणी दिशा बदलतं त्या वाटेवरच्या दोन जागा म्हणजे पाणलोटाच्या सीमा. खोऱ्यांमधली ही मोठी रेघ उपखोऱ्यात, मग नदीच्या उपनदीत आणि शेवटी गावच्या ओढ्यापर्यंत लहान लहान होत जाते. देशातलं प्रत्येक शेत, प्रत्येक गल्ली आणि प्रत्येक छप्पर कुठल्या ना कुठल्या पाणलोटात असतं. विहिरीला परवानगी मिळणार की नाही, बंधारा कुठे बांधायचा, पावसाळ्यात कुणाच्या घरात पाणी शिरणार, तलाव कशानं आटला, या प्रश्नांची उत्तरं शोधताना ही रेघ लागतेच. ती आखण्याची साधनं आज फुकट आणि खुली आहेत. तरीही सरकारी खर्चानं आखलेल्या सीमा गावकऱ्याच्या हाती अशा रूपात पोचत नाहीत, की त्याला त्या तपासता याव्यात आणि चुकल्या असतील तर दुरुस्त करता याव्यात.

जबलपूर जिल्ह्याच्या उत्तरेला या रेघेची किंमत खडकात मोजावी लागली. बरगी धरणात, म्हणजे राणी अवंतीबाई सागरात, अडवलेलं नर्मदेचं पाणी उजव्या कालव्यानं कटनी, सतना आणि रीवा या जिल्ह्यांकडे न्यायचं ठरलं. मध्ये नर्मदा आणि शोण यांची खोरी वेगळी करणारा जलविभाजक आहे. तो ओलांडण्यासाठी स्लीमनाबादजवळ सुमारे १२ किलोमीटरच्या बोगद्याचं काम हाती घेतलं गेलं आणि ते दशकाहून अधिक काळ रेंगाळलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे माती ढासळून नऊ मजूर अडकले आणि त्यांतले दोघे दगावले. एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेणं हा केवढा मोठा निर्णय असतो, हे या एका कामावरून दिसतं. असा निर्णय ज्या रेघेमुळे घ्यावा लागतो, ती रेघ आपल्या गावाच्या कुठल्या अंगानं जाते, हे त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला सहज पाहता यायला हवं.

खुद्द जबलपूर शहरात हा प्रश्न आणखी जवळ येतो. गोंड राजवटीच्या काळापासून हे शहर तलावांचं म्हणून ओळखलं जातं. बावन्न तलावांची आठवण लोक अजून सांगतात. राणीताल राणी दुर्गावतीच्या नावाचा, चेरीताल तिच्या दासीच्या नावाचा, तर आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याच्या नावाचा, अशी परंपरा आहे. त्यांतल्या कित्येकांच्या जागी आज वस्त्या आणि बाजार आहेत. तलाव गेला, नाव उरलं. मदनमहालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवरून येणारा पाऊस हे तलाव क्रमाक्रमानं अडवत असत. तलावाची हद्द महसुली कागदावर असते. त्याला पाणी पुरवणाऱ्या उताराची हद्द त्या कागदावर नसते. म्हणून तलाव वाचवण्याची मागणी होते तेव्हाही चर्चा काठावरच्या अतिक्रमणाशी थांबते, आणि वरच्या उतारावर सिमेंट पडत राहिलं तरी त्याची नोंद कुठे होत नाही.

डुमनाचं जंगल हे याचं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. विमानतळाच्या वाटेवरचा हा वनप्रदेश म्हणजे खंदारी जलाशयाचं पाणलोट क्षेत्र, आणि खंदारी हा शहराला पाणी देणारा ब्रिटिशकाळापासूनचा जलाशय. या परिसरात बांधकामांचे प्रस्ताव आले तेव्हा नागरिकांनी विरोध केला. अशा वादात पहिला प्रश्न साधा असतो: प्रस्तावित जागेवर पडलेलं पाणी खंदारीत जातं की नाही? उत्तर हो असेल तर कुठला भाग, किती हेक्टर? दोन्ही बाजूंनी एकच नकाशा समोर ठेवला, आणि तो कसा तयार झाला हे दोघांनाही तपासता आलं, तर वाद निदान वस्तुस्थितीवर होईल. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांमध्ये पाणथळीसोबत तिचं प्रभावक्षेत्र आखण्याची तरतूद आहे. पण पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या व्याख्येतून वगळले आहेत. म्हणजे ज्या जलाशयाचं पाणी माणसं पितात, त्याच्या पाणलोटाचा नकाशा काढण्याची सक्ती या नियमांतून येत नाही.

आता साधनांविषयी. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानानं अकरा दिवसांत रडारच्या साहाय्यानं पृथ्वीवरच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली. सुरुवातीला अमेरिकेबाहेरच्या प्रदेशांसाठी सुमारे ९० मीटरच्या चौकटींची माहितीच खुली होती. २०१४ पासून टप्प्याटप्प्यानं ३० मीटरची माहितीही सगळ्यांसाठी मोफत झाली. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमानं त्याहून नवी, तितक्याच बारीक चौकटींची माहिती खुली केली. भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या चित्रांवरून तयार केलेला उंचीचा आराखडा इस्रोच्या ‘भुवन’वरून नोंदणी करून उतरवून घेता येतो.

या उंच्यांवरून पाणलोट काढण्याची रीत समजायला अवघड नाही. जमिनीचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी. त्यांतल्या ज्याच्याकडे उतार सर्वांत तीव्र, तिकडे पाणी जाणार असं धरायचं. मग प्रत्येक चौकोनातून वरच्या किती चौकोनांचं पाणी वाहतं, ते मोजायचं. जिथे हा आकडा वाढत जातो, तिथे ओढा आहे. ओढ्यावरची एखादी जागा निवडायची, पूल असो, बंधारा असो की तलावाचा सांडवा, आणि तिथून उलट्या दिशेनं चढत जायचं. ज्या चौकोनांचं पाणी त्या जागी येतं, त्या सगळ्यांभोवतीची कड म्हणजे त्या जागेचा पाणलोट.

हे काम करणारं ‘ग्रास’ हे सॉफ्टवेअर १९८२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन प्रयोगशाळेत सुरू झालं आणि पुढे १९९९ मध्ये मुक्त परवान्याखाली आलं. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं ‘क्यूजीआयएस’ आज जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. ते साध्या लॅपटॉपवर चालतं आणि ‘ग्रास’ची गणितं त्याच्यातूनच करता येतात. किंमत शून्य, हा एक भाग झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्याचा कोड उघडा असतो. रेघ इथेच का आली, हे कुणालाही पायरीपायरीनं पाहता येतं, आणि तीच माहिती, तीच रीत वापरून दुसऱ्या माणसाला तीच रेघ पुन्हा काढता येते. ग्रामसभेत किंवा न्यायालयात पुरावा म्हणून ठेवायच्या नकाशाला याहून चांगली कसोटी नाही.

महाराष्ट्रानं या वाटेवर बरंच अंतर कापलं आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं राज्याची विभागणी दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत केली आणि प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक दिला. भूजलाचा उपसा किती, पुनर्भरण किती, याचा हिशेब या क्षेत्रांवर मांडला जातो. एखादं क्षेत्र अतिशोषित ठरलं की तिथल्या शेतकऱ्याला सरकारी योजनेतली विहीर मिळणं अवघड होतं. म्हणजे आपलं शेत रेघेच्या अलीकडे की पलीकडे, यावर त्याच्या हातातला पैसा ठरतो.

पुढचं पाऊल नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पडलं. विदर्भ-मराठवाड्यासह दुष्काळी पट्ट्यातल्या पाच हजारांवर गावांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात गावांचे समूह लहान पाणलोटांच्या आधारानं ठरवले गेले. गावातला पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकांची गरज आणि वाहून जाणारं पाणी यांचा ताळेबंद मांडण्यासाठी आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी जे साधन तयार केलं, ते ‘क्यूजीआयएस’वर चालणारं होतं. हजारो गावांच्या सरकारी नियोजनाला लागणारं गणित मुक्त सॉफ्टवेअर पेलू शकतं, हे त्यातून दिसलं. त्याच संस्थेनं या सॉफ्टवेअरचे ध्वनिचित्रधडेही तयार केले आहेत. मध्य प्रदेशाला यासाठी परदेशात जायची गरज नाही. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, आणि वैनगंगेच्या पाण्यानं ते नातं अजून तोडलेलं नाही.

शहरांना या नकाशांची गरज किती, ते पुण्यानं २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिलं. कात्रजच्या डोंगरउतारांवर कोसळलेला पाऊस आंबिल ओढ्यातून सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी अशा वस्त्यांत घुसला. त्या पुरात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याकाठी राहणाऱ्याला ओढा दिसत होता. त्या ओढ्यात किती डोंगराचं पाणी येतं, हे सांगणारा नकाशा त्याच्या हाती नव्हता. जबलपूरच्या ओमती आणि मोती नाल्यांच्या काठी राहणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारता यायला हवा.

मग अडतं कुठे? नकाशे नाहीत, असं नाही. केंद्राच्या मृद व भूमी उपयोग सर्वेक्षण संस्थेच्या १९९० च्या पाणलोट ॲटलासनं देशाची विभागणी ३,२३७ पाणलोटांत केली. केंद्रीय जल आयोग आणि इस्रोच्या हैदराबादच्या केंद्रानं पुढे केलेल्या ॲटलासमध्ये हा आकडा ४,५७२ आहे. दोन्ही सरकारी, दोन्हींची रीत वेगळी, रेघा वेगळ्या. पाणलोट विकासाच्या योजनांसाठी याहून कितीतरी बारीक सूक्ष्म-पाणलोट राज्यांनी आखले. पण गावच्या पाणलोट समितीपर्यंत यातलं जे पोचतं, ते बहुधा छापील पान असतं किंवा पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र. ते बघता येतं. त्यावर आपले खसरा क्रमांक ठेवून पाहता येत नाहीत, मोजता येत नाही, आणि चूक सापडली तर ती खोडून बरोबर रेघ ओढता येत नाही.

आणि चुका असतातच. उपग्रहाच्या रडारला जमीन आणि जमिनीवरचं झाड यांत नेहमी फरक करता येत नाही; दाट जंगलात किंवा उंच इमारतींच्या वस्तीत तो वरचा थर मोजतो. रस्त्याच्या भरावाखालची मोरी त्याला दिसत नाही, त्यामुळे संगणकाला तिथे धरण असल्याचा भास होतो. शहरात झाकलेले नाले पाणी नैसर्गिक उताराविरुद्ध दुसऱ्याच पाणलोटात नेतात. बरगीसारख्या कालव्यांनी तर खोऱ्यांच्या रेघा मुद्दाम ओलांडलेल्या असतात.

जबलपूर आणि नरसिंहपूरच्या काळ्या मातीच्या सपाट मुलखात ही अडचण सर्वाधिक जाणवेल. तिथे ‘हवेली’ नावाची जुनी शेतपद्धत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. शेतांना चारी बाजूंनी बांध घालून पावसाळाभर पाणी साठवायचं, पाऊस संपता संपता ते एका शेतातून दुसऱ्यात क्रमानं सोडायचं, आणि ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा. सोयाबीन आल्यावर पावसाळ्यातही पीक उभं राहू लागलं आणि ही पद्धत मागे पडली. पण जिथे बांध आहेत, तिथे पाणी कुठून कुठे जाणार हे बांधावरून ठरतं. ३० मीटरच्या चौकोनात मीटरभर उंचीचा बांध हरवून जातो. उतार जवळपास नाहीच, त्यामुळे संगणकानं काढलेली रेघ अशा ठिकाणी कित्येक शेतं इकडची तिकडे सरकवू शकते. कुणाचं पाणी आधी सुटतं आणि कुणाच्या शेतात जातं, हे त्या शेतांचा मालक विनासायास सांगतो. त्याचं हे ज्ञान नकाशात उतरवायचं तर फाइल उघडी हवी, दुरुस्त करता येणारी हवी, आणि केलेली दुरुस्ती कुणी, कधी, कशाच्या आधारानं केली याची नोंद ठेवणारी हवी. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे रोजचं काम आहे. बंद नकाशात ते होऊच शकत नाही.

खुलेपणावर काही आक्षेप घेतले जातात, आणि त्यांची दखल घ्यायला हवी. पहिला सुरक्षेचा. एकेकाळी भारतात साध्या नकाशांवरही बंधनं होती. पण २०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियानं आपले १:५०,००० प्रमाणाचे नकाशे नागरिकांना मोफत उतरवून घेण्यासाठी खुले केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं भू-स्थानिक माहितीवरचे परवान्यांचे निर्बंध काढून टाकले. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणानं तर सपाट प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ प्रदेशासाठी १ ते ३ मीटर इतक्या बारकाईचा उंचीचा आराखडा २०३० पर्यंत तयार करण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्याआधी २०१२ मध्येच, सार्वजनिक पैशातून गोळा केलेली बिगर-संवेदनशील माहिती लोकांना द्यावी, असं धोरण केंद्रानं स्वीकारलं होतं. पावसाचं पाणी कुठल्या ओढ्याला जातं, ही माहिती संवेदनशील ठरवण्याचं कारण यानंतर उरत नाही. शिवाय जगभरच्या खोऱ्यांच्या सीमा ‘हायड्रोशेड्स’ या मोफत संचात आधीच उपलब्ध आहेत, भारताच्याही. अमेरिकेत तर बारा अंकी क्रमांक असलेल्या लहान पाणलोटांपर्यंतचा संपूर्ण सरकारी संच कुणीही उतरवून घेतो.

दुसरा आक्षेप असा की चुकीच्या नकाशावरून गावात भांडणं लागतील. ही भीती खरी आहे. पण तोच नकाशा बंद ठेवून त्यावर योजना राबवली, तर चूक तशीच राहते आणि तिचा भार ज्याला नकाशा पाहता आला नाही त्याच्यावर पडतो. उपाय असा: प्रत्येक रेघेसोबत ती कुठल्या माहितीवरून, कुठल्या रीतीनं काढली आणि किती मीटर इकडेतिकडे असू शकते, हे स्पष्ट लिहावं. अनिश्चित असलेली रेघ तुटक दाखवावी. शिवारफेरीत तपासलेली रेघ सलग करावी.

तिसरा आक्षेप जमिनीच्या दलालांचा. पाणी कुठे साठेल ते कळलं की ते जमिनी घेतील, असं म्हणतात. ज्याच्याकडे पैसा आहे, त्याला खासगी सल्लागाराकडून असा नकाशा आजही मिळतो. खुल्या नकाशानं जे बदलेल, ते अल्पभूधारकाच्या बाजूनं बदलेल.

जबलपूर या कामासाठी किती अनुकूल आहे, ते पाहा. मध्य प्रदेशासाठीचं सर्व्हे ऑफ इंडियाचं कार्यालय याच शहरात आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात मृद आणि जल अभियांत्रिकी शिकवली जाते. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि डुमनाच्या रस्त्यावरची ट्रिपल आयटी आहे. राज्याचं उच्च न्यायालयही इथेच आहे, जिथे तलाव आणि नाल्यांचे वाद अखेर पोचतात. नर्मदेची परिक्रमा करणारे शेकडो भाविक ग्वारीघाट आणि तिलवाराघाटावरून जातात. नदीविषयी आस्था इथे शिकवावी लागत नाही.

सुरुवात खंदारीपासून करावी. महापालिकेनं खंदारी आणि परियट या दोन जलाशयांचे पाणलोट नकाशे खुल्या स्वरूपात, उतरवून घेता येतील अशा फाइलींसह, येत्या पावसाळ्याआधी प्रसिद्ध करावेत. कृषी विश्वविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात प्रत्यक्ष फिरून, मोऱ्या आणि नाले नोंदवून ते तपासावेत; हे काम त्यांच्या अभ्यासक्रमात गुणांसह धरावं. दुसऱ्या टप्प्यात उरलेल्या तलावांचे, आणि ओमती-मोती नाल्यांचे वॉर्डनिहाय नकाशे यावेत. ग्रामीण भागात पाणलोट विकासाच्या प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या करारात एक अट घालावी: सीमा, प्रवाहरेषा आणि कामांच्या जागा यांच्या फाइली मुक्त परवान्याखाली ग्रामपंचायतीकडे सोपवल्याशिवाय शेवटचं देयक निघणार नाही. सूचना हिंदीत आणि गोंडीतही असाव्यात, आणि ज्या गावात लॅपटॉप नाही तिथे मोबाइलवर उघडणारा नकाशा द्यावा. जबलपूर जिल्ह्यातल्या पाटनच्या एखाद्या शेतकऱ्यानं आपल्या बांधाजवळची रेघ चुकली म्हणून कळवलं, तर तीस दिवसांत तिथे माणूस पाठवून निकाल द्यावा आणि निकाल त्याच नकाशावर नोंदवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. महापालिका, कृषी विभाग आणि पंचायत यांचा एकेक आदेश पुरेसा आहे.